फुफ्फुसाच्या रिपोर्टमधली हृदयाची ओळ

छातीच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे आधी शेवटचा परिच्छेद वाचतात. ‘इम्प्रेशन’ या शीर्षकाखालच्या त्या चार-पाच ओळींत गाठ किती सेंटिमीटरची आहे, कुठल्या बाजूला आहे, लिम्फ नोड वाढले आहेत का, हे लिहिलेले असते. फुफ्फुसाच्या कॅन्सरची शंका असेल तर त्यापलीकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. पण रिपोर्टच्या मधल्या भागात कधी कधी एक वेगळीच ओळ असते. ‘पर्सिस्टंट लेफ्ट एसव्हीसी आढळते.’ किंवा ‘डाव्या वरच्या लोबची पल्मनरी व्हेन वेगळ्या ठिकाणी उघडते.’ किंवा नुसतेच, ‘कोरोनरी धमन्यांत कॅल्शियम.’

या ओळीचे पुढे बहुतेक वेळा दोनपैकी एक होते. एक तर ती कोणीच वाचत नाही. नाहीतर रात्री मुलगा किंवा सून ते शब्द मोबाईलवर शोधते आणि सकाळी सगळे घर हादरलेले असते: कॅन्सर कमी होता म्हणून आता हृदयही?

या दोन्ही गोष्टी रुग्णाचे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले दुर्मिळ वेगळेपण हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरचा उपचार सुरू होणार असेल, तर तेच वेगळेपण काही थोड्या लोकांत जीवघेणे ठरू शकते. कोणत्या गटात आपण आहोत हे ठरवायला अनेकदा स्कॅन पुन्हा नीट पाहणे आणि एक साधी इको तपासणी पुरते. ते उपचाराआधी व्हायला हवे, आणि ते झाले की नाही हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आजचा लेख त्यासाठी.

हृदय आणि फुफ्फुस वेगळे नाहीत

आपण बोलताना हृदयाचा डॉक्टर वेगळा आणि छातीचा डॉक्टर वेगळा असे म्हणतो. शरीराला ही वाटणी माहीत नाही. शरीरभर फिरून आलेले रक्त दोन मोठ्या शिरांतून हृदयाच्या उजव्या बाजूला येते. डोके आणि हातांकडचे रक्त वरच्या महाशिरेतून, पोट आणि पायांकडचे खालच्या महाशिरेतून. उजवी बाजू ते फुफ्फुसांत ढकलते. तिथे ऑक्सिजन मिसळतो. मग साधारणपणे चार शिरा, प्रत्येक फुफ्फुसाच्या दोन, ते शुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला आणून सोडतात. डावी बाजू ते महाधमनीतून सगळ्या शरीराला पाठवते. महाधमनीच्या अगदी मुळाशी दोन बारीक धमन्या फुटतात आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त देतात. त्या कोरोनरी धमन्या.

म्हणजे फुफ्फुसाच्या मुळाशी जिथे सर्जनची कात्री चालते, तिथून हृदय काही सेंटिमीटरवर असते. केमोसाठी गळ्याजवळून जी नळी घालतात तिचे टोक वरच्या महाशिरेत, हृदयाच्या दारात असते. रेडिएशनचा किरण डाव्या फुफ्फुसाकडे जाताना हृदयाच्या काठावरून जातो. फुफ्फुसाचा उपचार करताना हृदयाच्या रक्तवाहिन्या टाळता येतच नाहीत. त्या कुठे आहेत हे आधी माहीत असणे एवढेच आपल्या हातात असते.

आधी तीन गट वेगळे करा

रिपोर्टमध्ये रक्तवाहिनीबद्दल काही लिहिलेले असेल तर ते पुढच्या तीनपैकी एका गटातले असते.

पहिला गट जन्मजात वेगळेपणाचा. हे कॅन्सरमुळे झालेले नसते आणि यामुळे कॅन्सरही झालेला नसतो. रुग्ण साठ वर्षे ते घेऊनच जगलेला असतो. कॅन्सरच्या निमित्ताने पहिल्यांदाच छातीचा स्कॅन झाला, म्हणून ते दिसले एवढेच.

दुसरा गट कॅन्सरने केलेल्या बदलांचा. गाठ वाढून वरच्या महाशिरेला दाबते, फुफ्फुसाच्या शिरेत शिरते, किंवा रक्तात गुठळ्या होतात.

तिसरा गट वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांनी आणलेल्या बदलांचा. कोरोनरी धमन्यांतला चरबीचा आणि कॅल्शियमचा थर यात येतो. हा गट दुर्मिळ मुळीच नाही. जी विडी-सिगारेट फुफ्फुसाला त्रास देते, तीच या धमन्यांनाही देते.

गंमत अशी की लोक सर्वात जास्त घाबरतात पहिल्या गटाला, कारण नावे अवघड असतात, आणि सर्वात जास्त दुर्लक्ष करतात तिसऱ्याकडे, कारण ‘कॅल्शियम’ हा शब्द हाडांच्या गोळीसारखा चांगला वाटतो. प्रत्यक्षात त्रास होण्याची शक्यता बहुतेकांना तिसऱ्या गटातूनच जास्त असते. तिसऱ्या गटाकडे शेवटी येऊ. आधी दुर्मिळ गोष्टी समजून घेऊ, कारण त्याबद्दल मराठीत फारसे कोणी सांगत नाही.

डावीकडे राहिलेली जास्तीची शीर

आईच्या पोटात बाळाला डोक्याकडून येणाऱ्या दोन मोठ्या शिरा असतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. पुढे डावी आक्रसून जाते आणि उजवी तेवढी राहते. काही जणांत डावी जात नाही. यालाच पर्सिस्टंट लेफ्ट सुपीरिअर व्हेना केव्हा म्हणतात, रिपोर्टमध्ये ‘पीएलएसव्हीसी’. दर २०० ते ३०० माणसांमागे एकात ही असते. म्हणजे भाईंदरहून सुटणाऱ्या एका भरलेल्या लोकलमध्ये अशी काही माणसे सहज असतील आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल.

बहुतेकांत ही शीर शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूलाच उघडते. रक्त योग्य ठिकाणी पोचते, त्रास शून्य. मग कॅन्सरच्या रुग्णात तिचे महत्त्व काय? तीन गोष्टी.

एक, निदानात गफलत. रंगद्रव्य न देता केलेल्या साध्या सीटीत ही शीर महाधमनीच्या कमानीशेजारी गोल ठिपक्यासारखी दिसते आणि वाढलेल्या लिम्फ नोडसारखी भासू शकते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये कुठला नोड वाढला आहे यावर स्टेज ठरते आणि स्टेजवर ऑपरेशन करायचे की नाही ते ठरते. शिरेला नोड समजले तर सगळा हिशेब चुकतो. वरपासून खालपर्यंत एकेक चित्र पाहत गेले की शीर ओळखू येते, कारण ती नळीसारखी पुढे पुढे जात राहते. नोड थांबतो.

दोन, केमोची नळी. डाव्या बाजूने नळी किंवा पोर्ट घातला तर तो या जास्तीच्या शिरेत जातो आणि एक्स-रेमध्ये भलत्याच ठिकाणी दिसतो. आधी माहीत असेल तर उजवी बाजू निवडता येते. माहीत नसेल तर ऐन वेळी गोंधळ आणि रुग्णाला पुन्हा सुई.

तीन, थोड्यांमधला खरा धोका. अशी शीर असलेल्या सुमारे दहापैकी एका माणसात ती हृदयाच्या डाव्या बाजूला उघडते. मग डाव्या हाताच्या सलाईनमधून गेलेला हवेचा बुडबुडा किंवा छोटी गुठळी फुफ्फुसाच्या गाळणीतून न जाता थेट मेंदूकडे जाऊ शकते. हे तपासायला इको करताना डाव्या हातातून घुसळलेले सलाईन सोडतात आणि बुडबुडे हृदयाच्या कुठल्या कप्प्यात आधी दिसतात ते पाहतात. तपासणी काही मिनिटांची आहे.

रस्ता चुकलेली फुफ्फुसाची शीर

दुसरे वेगळेपण याहून महत्त्वाचे. फुफ्फुसाच्या शिरांपैकी एखादी हृदयाच्या डाव्या बाजूला न जाता वरच्या महाशिरेला किंवा तिच्या फांदीला जोडलेली असते. शवविच्छेदनांच्या जुन्या मोजणीत हे हजारात चार ते सात जणांत आढळले आहे. सीटीवर त्याहून कमी जणांत दिसते.

हे समजायला आपल्या पश्चिम रेल्वेचे उदाहरण घ्या. विरारहून भरून निघालेल्या गाड्या चर्चगेटला जाऊन रिकाम्या व्हायला हव्यात. त्यातली एक गाडी प्रवाशांसह बोरिवलीहूनच परत विरारला वळवली तर काय होईल? ते प्रवासी नुसतेच फिरत राहतील आणि विरारच्या फलाटावर गर्दी वाढेल. तसेच इथे शुद्ध झालेले थोडे रक्त शरीराला न मिळता पुन्हा हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि पुन्हा फुफ्फुसात जाते. एकच शीर अशी असेल तर निरोगी हृदय हा भार वर्षानुवर्षे सहज पेलते. पुष्कळांना आयुष्यभर काही जाणवत नाही.

आता कॅन्सरचे ऑपरेशन आणा. गाठ ज्या भागात आहे त्याच भागाची शीर रस्ता चुकलेली असेल, तर सर्जन तो भाग काढताना ती शीरही जाते. दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. पण समजा गाठ दुसऱ्या भागात आहे. सर्जनने निरोगी वाटेने रक्त नेणारा भाग काढला आणि चुकीच्या वाटेने रक्त नेणारा भाग मागे राहिला. काढलेल्या भागाचे रक्त आता उरलेल्या फुफ्फुसाकडे वळते, म्हणजे चुकीच्या वाटेने जाणारा वाटाही वाढतो. कालपर्यंत जो भार हृदय पेलत होते तो अचानक वाढतो आणि उजवे हृदय थकते. ऑपरेशन उत्तम झाले, गाठ पूर्ण निघाली, तरी रुग्णाला धाप लागते, पाय सुजतात, ऑक्सिजन सुटत नाही. एक संपूर्ण फुफ्फुस काढावे लागणार असेल आणि चुकीची शीर दुसऱ्या फुफ्फुसाची असेल, तर धोका सर्वात जास्त.

हे आधी कळले तर उपाय आहेत. फुफ्फुसातून फिरणारे रक्त शरीरात जाणाऱ्या रक्ताच्या किती पट आहे हे एमआरआयने किंवा कॅथेटर घालून मोजता येते. साधारण दीडपटीच्या पुढे ते लक्षणीय मानतात. गरज पडली तर त्याच ऑपरेशनमध्ये ती शीर कापून योग्य जागी जोडता येते. पण त्यासाठी हृदयाचा सर्जन त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये हवा. तो ऐन वेळी फोन करून मिळत नाही.

बांधू नये अशी शीर

तिसरे वेगळेपण आणखी दुर्मिळ, पण धडा देणारे. काही माणसांत खालच्या महाशिरेचा यकृताजवळचा तुकडा बनलेलाच नसतो. पायांचे आणि मूत्रपिंडांचे रक्त मग पाठीच्या कण्याशेजारच्या ‘एझायगस’ नावाच्या शिरेतून वर येते. एरवी ही शीर बारीक असते आणि उजव्या बाजूच्या छातीच्या ऑपरेशनमध्ये अडली तर सर्जन ती बांधून टाकतात, काही बिघडत नाही. पण या माणसांत तीच शरीराच्या खालच्या अर्ध्या भागाची मुख्य वाट असते. ती बांधली तर रुग्ण वाचणे कठीण. १९५१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये नेमक्या अशा मृत्यूची नोंद छापून आली होती.

त्या काळच्या सर्जनना दोष देता येणार नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी कॅन्सरसाठी एक संपूर्ण फुफ्फुस एकाच ऑपरेशनमध्ये यशस्वीपणे काढले. रुग्ण स्वतः डॉक्टर होते आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगले. ग्रॅहम मात्र १९५७ साली फुफ्फुसाच्याच कॅन्सरने गेले. तेही धूम्रपान करणारे होते. ग्रॅहम यांच्या हाती फक्त साधा एक्स-रे होता. छाती उघडल्यावर आत काय निघेल हे छाती उघडल्यावरच कळे. सीटी स्कॅनने माणसाची पहिली तपासणी झाली ती १९७१ साली. आज आपल्या मीरा रोड-भाईंदरमध्येही सीटी सेंटर आहेत आणि त्यातले चित्र हृदयाच्या प्रत्येक मोठ्या शिरेपर्यंत दिसते. ज्यांना दिसत नव्हते त्यांची गोष्ट वेगळी. दिसते आहे, लिहिलेही आहे आणि तरी कोणी वाचले नाही, याला आज सबब नाही.

वेगळ्या जागी उगवलेली कोरोनरी धमनी

साधारण शंभरात एका माणसात हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची सुरुवात किंवा वाट थोडी वेगळी असते. यातले बहुतांश प्रकार निरुपद्रवी. भीतीचा प्रकार एकच लक्षात ठेवा: डावी मुख्य धमनी उजव्या बाजूने निघून महाधमनी आणि फुफ्फुसाकडे जाणारी मोठी धमनी यांच्या मधून जाते. यात जोराच्या व्यायामात अचानक मृत्यू झाल्याची उदाहरणे आहेत, पण ती मुख्यतः तरुण खेळाडूंची.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेला असतो. इतकी वर्षे तो जिने चढला, गाडीच्या मागे धावला, तरी छातीत दुखले नाही, तर त्याच्यासाठी हिशेब वेगळा होतो. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचे, पण त्या एका ओळीसाठी कॅन्सरचा उपचार महिनोन्महिने थांबवायचा नाही.

इथेच जोडून सांगतो. ज्यांची पूर्वी बायपास झाली आहे त्यांनी ऑपरेशनआधी हे आवर्जून सांगावे, सांगितल्याशिवाय राहू नये. बायपासमध्ये छातीच्या आतली एक धमनी हृदयाला जोडतात आणि ती अनेकदा डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागाला चिकटून जाते. नेमका तोच भाग काढायचा असेल तर सर्जनला ती वाट आधी माहीत हवी. माणसाच्या हाताने बनवलेली असली तरी तीही हृदयाची वेगळी रक्तवाहिनीच.

आता त्या दुर्लक्षित कॅल्शियमविषयी

‘कोरोनरी कॅल्सिफिकेशन’ लिहिलेले असेल तर अर्थ असा की धमन्यांच्या भिंतीत जुना थर आहे. याचा अर्थ उद्या हार्ट अॅटॅक येणार असा नाही. पण उपचाराआधी ईसीजी, इको, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल पाहायलाच हवे. कारण फुफ्फुसाच्या कॅन्सरची अनेक औषधे हृदयाकडे बघूनच द्यावी लागतात. सिसप्लॅटिनमुळे रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढते आणि सोबत भरपूर सलाईन द्यावे लागते, ते कमजोर हृदयाला झेपायला हवे. ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्यांनी काहींच्या ईसीजीत बदल होतो, काहींच्या हृदयाची ताकद कमी होते. इम्युनोथेरपीमुळे क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. क्वचित, पण आली तर गंभीर. म्हणूनच युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली कॅन्सरच्या रुग्णांच्या हृदयासाठी पहिली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

मात्र दुसरे टोकही धोक्याचे आहे. कॅल्शियम दिसले, लगेच अँजिओग्राफी, लगेच स्टेंट, असे करू नये. स्टेंट बसला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात आणि तोवर मोठे ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. छातीत दुखत नसलेल्या रुग्णाला अनावश्यक स्टेंट घातला, तर कॅन्सरला तेवढे महिने मोकळे रान मिळते. २००४ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्यांचे मोठे ऑपरेशन होणार असलेल्या ५१० रुग्णांत आधी कोरोनरी धमन्या मोकळ्या केल्याने जगण्याचे प्रमाण वाढले नाही. तो अभ्यास कॅन्सरच्या रुग्णांवर नव्हता, पण ‘आधी स्टेंट टाकून घेऊ, मग बघू’ या घाईला लगाम घालण्यापुरता तो पुरेसा बोलका आहे. अर्थात छातीत दुखत असेल, डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल, हृदय कमजोर असेल, तर गोष्ट वेगळी. ते हृदयाचे आणि कॅन्सरचे डॉक्टर मिळून ठरवतील.

मग ही ओळ वाचायची कोणी?

जगात २०२२ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण नोंदले गेले, भारतात ८० हजारांहून अधिक. आपल्या भागातल्या अशा रुग्णाची फाईल पाहा. खोकल्यासाठी आधी गल्लीतला डॉक्टर, मग टीबीची शंका. सीटी मीरा रोडला, इको भाईंदर पश्चिमेला, बायोप्सी बोरिवलीला, आणि उपचार परळला. १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल तिथे आहे, समोर रस्त्यापलीकडे केईएम. रुग्ण आणि नातेवाईक पहाटेची लोकल पकडून दादरला उतरतात आणि प्रत्येक ठिकाणचा कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असतो. सीटी करणाऱ्याने इको पाहिलेला नसतो. इको करणाऱ्याला सीटीबद्दल कोणी सांगितलेले नसते. प्रत्येकाने आपले काम चोख केलेले असते आणि तरीही ती एक ओळ दोघांच्या मध्ये पडून राहते.

माझ्याकडे एक कुटुंब असाच रिपोर्ट घेऊन आले होते. मोबाईलवर वाचून त्यांनी ऑपरेशनची तारीख रद्द करायचे ठरवले होते, कारण ‘हृदयात जन्मजात दोष निघाला’. ती साधी डावीकडची जास्तीची शीर होती. इको झाला, शीर उजव्या बाजूला उघडते हे कळले, केमोची नळी उजवीकडून घालायची असे चिठ्ठीवर लिहिले गेले. विषय संपला. तारीख चुकली असती तर नुकसान शिरेने नव्हे, भीतीने केले असते.

काही सहकारी म्हणतात, रुग्णाला एवढे सांगू नका, तो घाबरतो. मला हे पटत नाही. रिपोर्ट आज त्याच्या फोनवर पीडीएफ होऊन आलेलाच असतो. तो वाचणारच आहे. आपण सांगितले नाही तर इंटरनेट सांगेल, आणि इंटरनेटला त्याचे वय माहीत नाही, त्याचा इको माहीत नाही. दुसरे काही म्हणतात, इतक्या दुर्मिळ गोष्टीसाठी सगळ्यांच्या तपासण्या का वाढवायच्या? हा आक्षेप रास्त आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे. सगळ्यांची महागडी तपासणी करा असे मी म्हणतच नाही. जो स्कॅन झालेला आहे, ज्याचे पैसे दिलेले आहेत, तोच पूर्ण वाचा, एवढेच म्हणणे आहे. त्याला जास्तीचा रुपया लागत नाही.

रेडिओलॉजिस्ट मित्रांना माझी विनंती आहे: फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण असेल तर रक्तवाहिनीचे वेगळेपण मधल्या परिच्छेदात न ठेवता शेवटच्या ‘इम्प्रेशन’मध्ये आणा आणि त्यापुढे लिहा, ‘ऑपरेशन किंवा नळी घालण्याआधी लक्षात घ्यावे’. नुसते ‘इन्सिडेंटल फाइंडिंग’ लिहिले की वाचणारा पुढे जातो. आणि फॅमिली डॉक्टरांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, परळच्या फाईलकडे ‘ते आता तज्ज्ञांचे काम’ म्हणून पाहणे बंद करावे. सगळे कागद एका टेबलावर एकत्र पाहणारा माणूस बहुधा आपणच असतो.

तुम्ही विचारायचे पाच प्रश्न

१. या सीटीमध्ये हृदयाच्या आणि फुफ्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिन्या नेहमीसारख्या आहेत का?

२. काही वेगळे असेल, तर ते जन्मजात आहे, कॅन्सरमुळे आहे, की वय आणि तंबाखूमुळे?

३. त्यामुळे ऑपरेशन, केमोची नळी किंवा रेडिएशनच्या आखणीत काही बदल करावा लागेल का?

४. माझा ईसीजी आणि इको कोणी पाहिला? सीटीसोबत पाहिला का?

५. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचे असेल तर किती दिवसांत? तोवर कॅन्सरचा उपचार थांबवायचा की चालू ठेवायचा?

जाताना नुसता कागदी रिपोर्ट नको, स्कॅनची सीडी न्या. वेगळी शीर नीट ओळखायची तर डॉक्टरांना पूर्ण चित्रे लागतात. जुने छातीचे स्कॅन असतील तर तेही न्या. दहा वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तोच ठिपका तसाच असेल तर तो कॅन्सरचा नोड असण्याची शक्यता खूपच कमी होते. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सर आणि हृदय दोन्हींचे अनेक उपचार येतात, मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधीच विचारा.

हे दिसले तर वाट पाहू नका

चेहरा आणि मान सुजणे, सकाळी जास्त. गळ्यावर, छातीवर शिरा फुगून दिसणे. वाकल्यावर डोके जड होणे, आवाज बसणे, धाप लागणे. ही वरची महाशीर दबल्याची लक्षणे असू शकतात. हे दुखणे १७५७ साली विल्यम हंटर यांनी पहिल्यांदा लिहून ठेवले, त्यांच्या रुग्णात ते महाधमनीच्या फुग्यामुळे होते. आज कॅन्सरमुळे ही शीर दबते तेव्हा सर्वात जास्त वेळा कारण फुफ्फुसाचा कॅन्सर असते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तसेच छातीत दाबल्यासारखे दुखणे, चक्कर येऊन पडणे, एकच पाय अचानक सुजणे, खोकल्यातून रक्त जास्त येणे, या सगळ्यांत ‘पुढच्या मंगळवारी ओपीडी आहे, तेव्हा सांगू’ असे करू नका.

आणि शेवटचे. रुग्ण तुमच्या घरातला असेल तर आज रात्री ती फाईल काढा. सगळ्या पिशव्यांमधले कागद तारखेप्रमाणे एकावर एक लावा. सीटीचा रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचा, शेवटच्या चार ओळींपासून नव्हे. हृदयाबद्दल किंवा रक्तवाहिनीबद्दल जे काही लिहिले असेल त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. अर्थ लावण्याची जबाबदारी तुमची नाही, ती आमची आहे. उद्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा त्या रेघेवर बोट ठेवा आणि विचारा, ‘डॉक्टर, ही ओळ तुम्ही पाहिलीत ना?’